साहेबाचं बेणं

तुम्ही घाटावरचे आहात असं कळलं की बोईसरातली माणसं दोन गोष्टी धरून चालतात. एक, तुम्हाला मासे खाता येत नाहीत. दोन, तुम्हाला मेंढरांतलं कळतं. पहिल्या गैरसमजाशी मी तीस वर्षं झुंजतो आहे. बोयाचा काटा घशात अडकून दोनदा डॉक्टरांकडे जावं लागलं, तरी माघार घेतलेली नाही. दुसरा गैरसमज मात्र मी कधी खोडून काढला नाही. फुकट मिळालेली कीर्ती परत करायला फार मोठं मन लागतं.

खरं म्हणजे मी फलटणचा असलो तरी आमच्या सात पिढ्यांत कुणी मेंढरू पाळलेलं नाही. वडील शाळेत कारकून. मेंढीशी आमचा संबंध दोनच प्रकारे यायचा. एक म्हणजे अंगाला टोचणारं घोंगडं आणि दुसरं म्हणजे रस्ता अडवून चाललेला कळप, ज्याच्यामुळे एसटी अर्धा तास उभी राहायची. एवढ्या भांडवलावर मी १९९४ साली तारापूर एमआयडीसीत एका औषधी रसायनांच्या कारखान्यात चिकटलो, दोन वर्षांनी केळव्याच्या वाडवळ घराचा जावई झालो आणि सासरच्या प्रत्येक हळदीला, मटणाचं पातेलं उतरलं की, ‘आमच्याकडची मेंढी’ या विषयावर बोलू लागलो.

असंच एका हळदीला मटणाच्या भावावरून गाडी मेंढीच्या वजनावर आली. मी वडा रश्शात बुडवत म्हणालो, “आपली दख्खनी मेंढी काटक आहे हो, पण अंगात काय आहे? मोठी झाली तरी अठ्ठावीस-तीस किलो. आणि वेताला एक कोकरू. तिकडे इंग्लंडात डॉर्सेट नावाची जात आहे. मेंढा शंभर किलोच्या पुढे जातो. तो आणून आपल्या मेंढीवर सोडला, की पहिल्याच पिढीत फरक!”

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. दोष वाक्यांचा नव्हता, ती म्हणणाऱ्याचा होता.

“मग करा की,” सासरे म्हणाले. “उमरोळीच्या पूर्वेला आपली वरकस जमीन पडून आहे. गवत कापणारेसुद्धा हल्ली मिळत नाहीत. आणा तुमचा इंग्रज.”

हळदीच्या मांडवात पन्नास माणसांसमोर निघालेला शब्द मागे घेता येत नाही. हिने मात्र घरी आल्यावर एकच विचारलं. “अहो, तुम्ही मेंढीला कधी हात तरी लावलाय का?” मी म्हणालो, “न्यूटननं सफरचंद लावलं होतं का?” हे उत्तर मला त्या वेळी फार बिनतोड वाटलं होतं.

मी लगेच अभ्यासाला बसलो. म्हणजे मला जे पटलेलं होतं त्याला दुजोरा देणारं जेवढं सापडेल तेवढं वाचलं. राजस्थानात मालपुऱ्याजवळ अविकानगरला केंद्र सरकारची मेंढी-लोकर संशोधन संस्था आहे, १९६२ सालची. तिथे डॉर्सेट आणि सफोक जातींचे मेंढे आणून मालपुरा, सोनाडी या देशी मेंढ्यांशी त्यांचा संकर केला होता. गोठ्यात बांधून भरपूर खुराक घातला, तर संकरित कोकरं झपाट्यानं वाढली, हे मी पिवळ्या पेनानं रंगवून ठेवलं. नुसत्या माळावर सोडली, की तो फरक फारसा उरत नाही, हे त्याच्या पुढचंच वाक्य होतं. पण पेनातली शाई तिथे संपली असावी.

कारखान्यात मी उत्पादन विभागात. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीची बॅच असते, बॅचला वेळ असतो आणि वेळेच्या शेवटी किती किलो माल पडणार याचा आकडा असतो. मी एक्सेल उघडलं. मेंढी दीडशे दिवसांत विते, नीट पाहिलं तर दोन वर्षांत तीन वेतं घेता येतात. दहा मेंढ्या, एक मेंढा. निम्म्या कोकरांना माद्या धरल्या. रकाना खाली ओढत नेला. ओढत नेला म्हणजे एक्सेलमध्ये बोट दाबून उंदीर खाली सरकवला. वर्षं आपोआप वाढत गेली, मेंढ्याही वाढल्या. विसाव्या वर्षी त्या उमरोळीतून निघून सफाळ्याच्या डोंगरावर चढल्या होत्या आणि माझी कमाई आमच्या कंपनीच्या मालकापेक्षा जास्त झाली होती. त्या फायलीत मृत्यू नावाचा रकानाच नव्हता.

दिवाळी झाली की नगर-पारनेरकडचे धनगर माळशेज उतरून खाली येतात. भात कापून झालेलं असतं. शेतकरी आपल्या शेतात मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत पडतं, धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. पाऊस तोंडावर आला, की वाडा पुन्हा घाट चढून वर. त्या वर्षी एक वाडा आमच्या वरकसाच्या पलीकडेच उतरला होता. वाघर लावलेली, आत दीडशेक मेंढरं, बाहेर घोडी, कोंबड्या, चूल. वाड्यावरच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यांना सगळे मामा म्हणत, मीही म्हणू लागलो.

“मला दहा मेंढ्या हव्यात. चांगल्या. संकर करायचाय.”

मामांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. “कशाचा?”

मी डॉर्सेटबद्दल सांगितलं. शंभर किलोचा आकडा ऐकून बाकीचे हसले, मामा हसले नाहीत.

“शंभर किलोचं जनावर,” ते म्हणाले, “खातंय किती?”

मी म्हणालो, “ते बघू.”

“ते आदी बगावं लागतंय, सायेब. आमची मेंढी काय खाते? बाभळीच्या शेंगा, वाळल्याला पाला, रस्त्याकडंचं गवात. न्हाई मिळालं तर दोन दिस चालती उपाशी. तुमची विंग्रज मेंढी चालंल?”

मी म्हणालो, की आपण तिला चालवायचं नाही, बसवून खायला घालायचं. मामांनी यावर काही म्हटलं नाही. त्यांनी दहा मेंढ्या बाजूला काढल्या आणि भाव सांगितला. बाजारापेक्षा प्रत्येकी हजारभर जास्त होता. मी घासाघीस केली नाही. घासाघीस करायला वस्तूतलं कळावं लागतं. मामा पैसे मोजताना काहीतरी सांगत होते, “हितनं म्होरं जरा जपा त्यांस्नी, वज्याच्या हायती,” असं. त्याच वेळी कारखान्यातून फोन आला. ‘वज्याच्या’ म्हणजे वजनदार, असा अर्थ मी लावला आणि मनातल्या मनात मामांच्या प्रामाणिकपणाला दाद दिली.

आता मेंढा. खरा डॉर्सेट आपल्याकडे बाजारात मिळत नाही, तो सरकारी फार्मांपर्यंत येऊन थांबतो, एवढं कुणीही सांगितलं असतं. मला सांगणारा जो भेटला त्याच्याकडे ‘पन्नास टक्के ऑस्ट्रेलियन डॉर्सेट’ तयारच होता. घाटावरच्या एका आठवडे बाजारात, बाजाराच्या जरा बाहेर, लिंबाखाली. दलाल मोठा मिठ्ठास माणूस. मेंढा उंच, पांढरा, अंगावर तपकिरी ठिपके, मान ताठ. नाकाला असा बाक की ब्रिटिश राजघराण्यातल्या तसबिरी आठवाव्यात. दलालानं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र काढलं. त्यावर कांगारूचं चित्र होतं. खरं सांगतो, त्या कांगारूनं मला जिंकलं.

“ह्याला मराठीची सवय नाही हां साहेब,” दलाल म्हणाला. “कम, कम म्हटलं की येतो.”

त्यानं ‘कम, कम’ म्हटलं. मेंढा आला. दलालाच्या मुठीत शेंगदाणे होते, हे मी पाहिलं नाही असं नाही; मला वाटलं, इंग्रजीबरोबर शेंगदाणे ही त्यांची पद्धत असेल. पंचेचाळीस हजार मोजले. छोटा हत्तीतून आम्ही निघालो. घोडबंदर रोडला दीड तास अडकलो तेव्हा शेजारच्या रिक्षातल्या माणसानं विचारलं, “कुठला हो?” मी काच खाली करून म्हणालो, “ऑस्ट्रेलियाचा.” तो म्हणाला, “मेंढा विचारतोय मी.”

संक्रांतीच्या दिवशी तो उमरोळीला उतरला. हिनं दारात तांदूळ-पाणी ओवाळून टाकलं आणि त्याचं नाव ठेवलं, साहेब. सासरे काठी टेकत आले. साहेबाभोवती एक फेरी मारली. सासरे तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले. परदेशी मालावर त्यांचं स्वतःचं असं मत आहे.

“जावईबापू, आमच्याकडच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या. जनरल इलेक्ट्रिकच्या. १९६९ साली चालू झाल्या, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. बेणं उत्तम, तक्रार नाही. पण त्यांचा चारा म्हणजे समृद्ध युरेनियम, तोही अमेरिकेचाच. आपण पोखरण केलं, पुढे अमेरिकेनं हात आखडला. मग फ्रान्सकडे मागा. ते थांबले, चीनकडे मागा. मग रशिया. आयुष्यभर चाऱ्याच्या मागे. शेवटी पुढच्या दोन भट्ट्या आपण आपल्या साध्या युरेनियमवर चालणाऱ्या बांधल्या.” मग साहेबाच्या बाकदार नाकाकडे बघत म्हणाले, “हा काय खातो?”

हा प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला गेला होता. शहाण्या माणसानं दोन वेगळ्या जिल्ह्यांतल्या, दोन वेगळ्या धंद्यांतल्या म्हाताऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, की थांबावं. मी शेंगदाणा पेंडीचं पोतं उघडलं.

साहेबाची बडदास्त मी अशी ठेवली, की तशी लग्नानंतर माझीसुद्धा कुणी ठेवली नाही. सकाळी पेंड, दुपारी मका, संध्याकाळी हिरवा चारा, मिनरल मिक्स्चर. विलायती जनावर, उकाडा सोसणार नाही, म्हणून शेडला ओली पोती बांधली. मार्चमध्ये पंखा लावला. एप्रिलात बोईसरची हवा अशी झाली की सातपाटीहून मासळीच्या टेम्पोतून बर्फाच्या लाद्या मागवू लागलो. लाद्या वितळून साहेबावर पडत. चार दिवसांत त्याच्या अंगाला सरंग्याचा वास येऊ लागला आणि आसपासची मांजरं त्याच्याकडे वेगळ्याच अपेक्षेनं पाहू लागली. वाडीवर राखणीला असलेले वारली काका फारसं बोलत नाहीत. ते रोज संध्याकाळी येऊन पंख्याखाली रवंथ करणाऱ्या साहेबाकडे पाच मिनिटं बघत आणि स्वतःच्या झोपडीत, जिथे पंखा नव्हता, निघून जात. त्या पाच मिनिटांबद्दल मला अजून अपराधी वाटतं.

मी मात्र साहेबाशी इंग्रजीतून बोलत होतो. ‘कम, कम’पासून सुरुवात झाली, मग ‘गुड मॉर्निंग’, ‘ईट’, ‘नो, नो’. आमच्या कंपनीत परदेशी तपासनीस आले, की मी मागच्या रांगेत उभा राहतो. इथे मात्र माझं इंग्रजी खुललं. साहेबानं कधी व्याकरण काढलं नाही.

एक गोष्ट जरा खटकत होती. मेंढ्या होत्या, साहेब होता, पण ज्यासाठी हा खटाटोप, ते काही होताना दिसत नव्हतं. साहेब एखाद्या मेंढीला हुंगायचा, विचारात पडायचा आणि परत पंख्याखाली जायचा. काका एकदाच म्हणाले, “जाडा झाला.” मी म्हटलं, तुम्हाला कळत नाही. इंग्रज माणूस या बाबतीत संकोची असतो. रात्री उरकत असेल.

आणि ८ एप्रिलला पहिली मेंढी व्याली!

मी कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून धावलो. दोन दिवसांत आणखी तीन व्याल्या, आठवडाभरात नऊ कोकरं. ज्यांना गणित येतं त्यांनी इथे थांबून संक्रांत ते ८ एप्रिल मोजावं. चौऱ्याऐंशी दिवस होतात. दीडशे दिवसांची बॅच चौऱ्याऐंशी दिवसांत! कारखान्यात असं झालं असतं तर मी स्वतः लाल पेनानं बॅच नापास करून चौकशी लावली असती. इथे मी काय केलं? पेढे वाटले. ‘विदेशी रक्तामुळे वाढीचा वेग जास्त असतो,’ हे वाक्य मी शुद्धीत, दिवसाउजेडी, रसायनशास्त्राची पदवी असलेल्या माणसांसमोर उच्चारलं आहे. कोकरं सगळी काळीकुट्ट, आयांसारखी. एकाच्या कपाळावर रुपयाएवढा पांढरा चांदवा होता. तो चांदवा मी सगळ्यांना दाखवत होतो. “हे डॉर्सेट.”

मामांना बोलावून मोठ्या अभिमानानं कोकरं दाखवली. मामांनी चांदवावाल्याला उचललं, पोटाखाली पाहिलं, आणि म्हणाले, “ह्यो आमच्या बाळ्या एडक्याचा हाय. त्याच्या डोक्यावं असाच रुपया हाय.”

“म्हणजे?”

“म्हंजी काय? मेंढ्या गाबन दिल्या व्हत्या तुमास्नी. सांगितलं न्हवं का, वज्याच्या हायती म्हून? म्हून तर हजार जास्त घ्येतले.”

ही माझ्या मागे उभी होती. ती हसली नाही. पदर तोंडाला लावून वाडीतल्या विहिरीपर्यंत चालत गेली, आणि विहिरीपाशी जाऊन हसली. विहिरीमुळे ते हसणं घुमून उमरोळी स्टेशनपर्यंत ऐकू गेलं असावं.

दुसरा धक्का मे महिन्यात बसला. पावसाआधी आंत्रविषाराची आणि पीपीआरची लस टोचून घ्यावी लागते, त्यासाठी पशुवैद्य आले होते. तरुण, मिरजेकडचे. मेंढ्यांना टोचून झाल्यावर मी त्यांना साहेबाच्या शेडमध्ये नेलं आणि जरा आवाज खाली आणून म्हणालो, “हा डॉर्सेट. पन्नास टक्के.”

डॉक्टरांनी प्रमाणपत्र पाहिलं. मग साहेबाला पाहिलं. मग मला.

“सर, डॉर्सेटचे कान आखूड असतात. अंगभर लोकर, गालापर्यंत. नाकाचा शेंडा गुलाबी. याचे कान बघा, हातभर लोंबतायत. अंगावर उशीत भरायलासुद्धा लोकर नाही. आणि हे नाक! हे राघूच्या चोचीसारखं नाक माडग्याळचं.”

“माडग्याळ कुठल्या देशात आलं?”

“जत तालुक्यात, सर. सांगली जिल्हा.”

म्हणजे ज्याला मी ऊन लागेल म्हणून बर्फावर ठेवला होता, तो जतच्या फोंड्या माळावर वाढलेला होता. जिथे मेमध्ये टँकरची वाट बघत माणसं भर उन्हात रांगेत उभी असतात तिथल्या मेंढ्याला मी सातपाटीचा बर्फ लावत होतो. चार महिने मी ज्याच्याशी इंग्रजी बोलत होतो तो माझ्या शेजारच्या जिल्ह्यातला निघाला. मराठी, आणि लागलंच तर थोडं कानडी, एवढंच त्याच्या कानावर पडलेलं असणार.

डॉक्टर समजूतदार होते. म्हणाले, नाराज होऊ नका, माडग्याळ ही आपल्याकडची उंच, चांगल्या वजनाची मेंढी. या नाकासाठी शौकीन वाटेल ते मोजतात. २०२० सालच्या शेवटी आटपाडीकडच्या सर्जा नावाच्या माडग्याळ मेंढ्याला ७० लाखांची मागणी आल्याची बातमी सगळ्या पेपरांत होती. माझे डोळे लकाकलेले पाहून त्यांनी घाईनं पुढे सांगितलं, “त्याचं नाक वेगळं, सर.” मग साहेबाच्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, “आणि हा फारच सुटलाय. पेंड बंद करा. इतक्या चरबीचा मेंढा मेंढ्यांकडे बघत नाही.” काका दारात उभे होते. काहीच बोलले नाहीत.

वाडा घाट चढायला निघाला तेव्हा मामा मुद्दाम आले. “मेंढरं द्या संगट. हितला पाऊस त्यांस्नी न्हाई सोसायचा.” मी म्हणालो, माझ्याकडे पत्र्याची शेड आहे. मामा म्हणाले, “पाऊस वरनं न्हाई येत, सायेब. खालनं येतो.” हे मला कळलं नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कळलं.

जतला वर्षभरात जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. पालघरला चार महिन्यांत दोन हजारांच्या वर. वरकसावर पाणी साचलं, शेडची जमीन चिखल झाली. गवत कमरेएवढं वाढलं, पण ते पाणीदार गवत खाऊन मेंढ्या हगवणीला लागल्या. माझ्या आयुष्यात चारा इतका कधी नव्हता आणि मेंढ्या इतक्या वाळलेल्या कधी नव्हत्या. मग एकेक लंगडू लागली. खुरांच्या बेचक्यात कुजलं होतं. दख्खनी मेंढीचे पाय कोरड्या, खडकाळ माळासाठी घडलेले. चिखलात खूर मऊ पडतं आणि रोग आत शिरतो.

यावर औषधी पाण्याचा हौद करून त्यातून मेंढ्या चालवतात. रसायनांचं काम म्हटल्यावर माझा गेलेला आत्मविश्वास परत आला. एमआयडीसीतल्या भंगारवाल्याकडून प्लास्टिकचा पसरट ट्रे आणला, पोटॅशियम परमँगनेटचं द्रावण टक्केवारी मोजून बनवलं. पहिली मेंढी ट्रेपाशी आली आणि अल्लद पलीकडे उडी मारून गेली. तिच्या मागोमाग नऊ. मेंढ्या एकीमागे एक जातात हे मला माहीत होतं. एकीमागे एक उडतातही, हे नवीन होतं. त्यांना अडवायला मी स्वतः ट्रेमध्ये उभा राहिलो. तासाभरानं परिस्थिती अशी, की दहा मेंढ्या, एक मेंढा आणि नऊ कोकरं यांतल्या एकाचंही खूर बुडालेलं नव्हतं आणि माझे पाय घोट्यापर्यंत जांभळे झाले होते. दुसऱ्या दिवशी ते तपकिरी पडले. कारखान्यात सेफ्टी ऑफिसरनं चप्पल काढायला लावून फोटो काढला आणि अपघात-नोंदवहीत लिहिलं : ‘रसायनाशी संपर्क. ठिकाण : कळले नाही.’

तीन कोकरं आणि एक मेंढी त्या पावसात गेली. त्यात चांदवावालं होतं. हे मला विनोदानं सांगता येत नाही, म्हणून एवढंच.

त्या रात्री वीज गेली होती. मी शेडमध्ये प्लास्टिकच्या पॅलेटवर बसून, मोबाइलच्या उजेडात, जो अभ्यास डिसेंबरमध्ये करायला हवा होता तो जुलैत करत होतो. आणि एक गंमत सापडली. ऑस्ट्रेलियात बुरूला नावाचं एक प्रसिद्ध मेरिनो वाण आहे. त्यातली मेंढी वेताला दोन-दोन, तीन-तीन कोकरं देते. ते जनुक कुठून आलं याचा शोध घेत शास्त्रज्ञ कुठे पोचले? बंगालात! सुंदरबनात गारोळ नावाची मेंढी आहे. दहा-चौदा किलोची, शेळीच्या पिलाएवढी. जुळी-तिळी देणारी. अठराव्या शतकाच्या अखेरीला कलकत्त्याहून सिडनीला जहाजांतून बंगाली मेंढ्या गेल्या होत्या. ऑस्ट्रेलियाच्या लोकरधंद्याचा मूळपुरुष म्हणवतो त्या जॉन मॅकार्थरनं १७९४च्या सुमारास अशा साठेक मेंढ्या-कोकरं विकत घेतली आणि त्यांच्यावर आयरिश मेंढा सोडला. कोकरांच्या अंगावर केस आणि लोकर मिसळलेली पाहून त्याला संकराचा नाद लागला. म्हणजे साहेबाच्या देशात आपली मेंढी ‘इंपोर्टेड’ होती. मॅकार्थर माझ्यासारखाच नवखा होता. त्यानं बहुतेक मेंढीला खायला काय, हे आधी विचारलं असावं.

पुढे वाचलं आणि पॅलेटवरून घसरलोच. ही गारोळ गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते. तिचे खूर कुजत नाहीत. पालघरच्या पावसाला जी एकमेव मेंढी जमली असती ती ऑस्ट्रेलियाहून नव्हे, खरगपूरच्या बाजूनं रेल्वेनं आणता आली असती. आणि तिचं ते जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत उतरवण्याचं काम वर्षानुवर्षं कोण करत होतं? निंबकर कृषी संशोधन संस्था. १९६८ साली बनबिहारी निंबकरांनी काढलेली. त्यांनी तयार केलेल्या वाणाचं नाव ‘नारी सुवर्णा’. कोकरं दोन, अंग दख्खनी, आणि धनगरांच्याच कळपांत नेऊन तपासलेलं. संस्था कुठे? फलटणला. माझ्या फलटणला. लोणंद रस्त्यावरच्या ज्या कुंपणाजवळ मी लहानपणी सायकल टेकवून पेरू खात असे, त्याच्या आत.

हिला उठवून हे सांगितलं. ती अर्धवट झोपेत म्हणाली, “म्हणजे तुम्हाला मेंढरांतलं कळत नाही, एवढंच ना? ते मला १९९६ पासून माहीत आहे. झोपा.”

दुसऱ्या दिवशी मामांना फोन लावला. मामा ‘सांगितलं व्हतं’ असं म्हणाले नाहीत. टेम्पो करून उरलेली मेंढरं आणि साहेबाला घेऊन मी माळशेज चढलो. घाटमाथ्यावर धुकं, बोचरा वारा, पुढे पारनेरच्या अलीकडे कोरडी जमीन लागली तशी टेम्पोतल्या मेंढ्या ओरडायला लागल्या. अर्धेलीनं सौदा ठरला : जनावरं माझी, राखण मामांची, कोकरं निम्मी-निम्मी. कागद नाही, सही नाही. मामांनी साहेबाच्या सुटलेल्या पोटावर थाप मारली. “चालंल ह्यो. महिनाभर उपाशी ठिवला की चालंल.”

दिवाळीनंतर वाडा पुन्हा खाली उतरला. मी रविवार पाहून गेलो. साहेब ओळखू आला नाही. पोट पाठीला लागलेलं, पायांच्या शिरा वर आलेल्या, शिंगच न उगवलेल्या कपाळावर कुठल्याशा झुंजीचा व्रण. तो आता दीडशे मेंढरांचा साहेब होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डिसेंबरच्या शेवटी कोकरं येऊ लागली. काळ्या आयांच्या पोटी लांब कानांची, बाकदार नाकाची, पायांनी उंच पोरं. या वेळी मी दिवस मोजले. बरोबर भरत होते. सासऱ्यांनी एक उचलून तोललं. “अंगात आहे,” म्हणाले. “जतच्या बेण्याला इथला चारा चालतो, म्हणजे आमच्या पहिल्या दोन भट्ट्यांसारखं नाही.”

मामा मात्र जरा घुश्शात होते.

“सायेब, तुमच्या बेण्याला काय सवय लावून ठिवलीया? आमी ‘हिर्र हिर्र’ करतोय, येत न्हाई. शिट्टी मारतोय, येत न्हाई. समदा कळप घाट उतरला, ह्यो वरच उबा. शेवटी नातवानं तुमची नक्कल क्येली, तवा आलं.”

“कसली नक्कल?”

मामांनी उत्तर दिलं नाही. संध्याकाळ झाली होती, मेंढरं वाघरीत घ्यायची वेळ. मामांची म्हातारी मंडळी कमरेवर हात ठेवून बांधावर उभी राहिली. पलीकडून दोन्ही सुना आल्या, नातू आला, आणि पारनेर तालुक्यातलं ते अख्खं घर उमरोळीच्या वरकसावर, मावळतीकडे तोंड करून, एका सुरात ओरडू लागलं :

“कम, कम, कम!”

साहेब मान ताठ करून निघाला. त्याच्या मागे दीडशे मेंढरं.